ई-वन लाइन, जुना सीडी ड्राइव्ह आणि स्पीडचा हिशोब

जुन्या लीज लाइनवरून (कायमच्या भाड्याने घेतलेल्या टेलिकॉम लाइनवरून) सीडीची इमेज, म्हणजे अख्ख्या सीडीची एका फाइलमधली प्रत, किंवा एखादा बॅकअप पाठवायला किती वेळ लागेल असं विचारलं की बहुतेक जण लाइनच्या स्पीडला ८ ने भागून (८ बिटचा एक बाइट म्हणून) मोकळे होतात, आणि मग प्रत्यक्षात लागणारा वेळ काही त्या उत्तराशी जुळत नाही. ८ ने भागणं चूक नाहीये, पण त्याआधी दोन गोष्टी बघायच्या असतात: त्या आकड्यातला किती भाग खरंच डेटा नेतो, आणि त्यातला किलो १००० चा आहे की १०२४ चा. टेलिकॉमवाले बिटमध्ये बोलतात आणि त्यांचा किलो कायम १००० चा. ड्राइव्हवाले बाइटमध्ये बोलतात आणि त्यांचा किलो कधी १०२४ चा तर कधी १००० चा, मर्जी असेल तसा. त्यामुळे सरळ दोन्ही बाजू सेकंदाला किती बाइट यावर आणायच्या आणि मगच पुढे जायचं. (खाली मी बिट आणि बाइट पूर्णच लिहितोय, नुसतं एमबी लिहिलं की वाद सुरू होतो.)

आधी लाइन. सगळ्याचं मूळ एका फोन कॉलमध्ये आहे, आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिटचा, म्हणजे ६४,००० बिट, म्हणजेच बरोब्बर ८००० बाइट. हा ८००० पाठ करून ठेवा, बाकीचं यावरूनच निघतं. ई-वन या लीज लाइनच्या प्रकारात असे ३२ टाइमस्लॉट, म्हणजे एकेका कॉलएवढ्या जागा, असतात, म्हणून २०,४८,००० बिट, ज्याला आपल्याकडे सगळे २ एमबीची (खरं तर मेगाबिटची) लाइन म्हणतात. पण स्लॉट ० फ्रेमिंगला, म्हणजे स्लॉट कुठून सुरू होतात ते ओळखायला, जातो, म्हणजे डेटाला उरले ३१, आणि ३१ गुणिले ८००० म्हणजे २,४८,००० बाइट. पीआरआय (ई-वनवरची आयएसडीएन डिजिटल फोनसेवा) असेल किंवा १६ नंबरचा स्लॉट सिग्नलिंगला (कॉल जोडायच्या-तोडायच्या निरोपांना) दिला असेल तर ३० च, म्हणजे २,४०,०००. लाइन अनफ्रेम्ड, म्हणजे स्लॉट न पाडलेली, असेल तर मात्र पूर्ण २,५६,००० मिळतात. तेव्हा राउटरच्या कॉन्फिगमध्ये टाइमस्लॉट किती लावलेत ते बघितल्याशिवाय कॅल्क्युलेटर हातात घेऊच नका.

पलीकडचं टोक अमेरिकेत असेल तर तिथे ई-वनऐवजी टी-वन असते, २४ स्लॉट, एकूण १५,४४,००० बिट, त्यातले ८००० बिट फ्रेमिंगचे, डेटाला १,९२,००० बाइट. काही जुन्या टी-वनवर स्लॉटमागे ५६,००० बिटच वापरता येतात, मग तेच १,६८,००० वर येतं.

आता ड्राइव्ह. सीडीचा १एक्स, म्हणजे ड्राइव्हच्या स्पीडचं मूळ माप, सेकंदाला ७५ सेक्टर (डेटाचे ठरावीक तुकडे), डेटा सीडीवर प्रत्येकात २०४८ बाइट, म्हणजे १,५३,६०० बाइट. हे बरोबर १५० गुणिले १०२४ आहे, म्हणजे इथला किलो १०२४ चा झाला. डीव्हीडीचा १एक्स वेगळाच, साधारण १३,८५,००० बाइट, सीडीच्या नऊ पट, त्यामुळे ड्राइव्हवर १६एक्स लिहिलंय तर ते कशाचं हे आधी बघा. आणि ५२एक्स वगैरे स्पीड सीडीच्या बाहेरच्या कडेलाच मिळतो, आत बराच कमी असतो. फ्लॉपीची तर गंमतच आहे, १.४४ मेगाबाइट म्हणजे १४४० गुणिले १०२४, म्हणजे तो मेगा ना धड १००० वाला ना १०२४ वाला. स्पीडचं म्हणाल तर एका ट्रॅकवर (गोल पट्टीवर) १८ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट, सेकंदाला ५ फेरे, म्हणजे जास्तीत जास्त ४६,०८० बाइट. कंट्रोलरचा (फ्लॉपी ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपचा) ५०० किलोबिट हा आकडा सेक्टरमधल्या मोकळ्या जागा (गॅप) आणि सेक्टरची ओळख (हेडर) धरून आहे, तो या हिशोबात घेऊ नका.

हार्ड डिस्कवर जास्त वेळ घालवायचं कारण नाही. यूडीएमए ३३ (हार्ड डिस्कची जुनी जोडणी) चा ३३ हा केबलचा वेग आहे, डिस्कचा नाही. साटा या नंतरच्या जोडणीचे १.५ गिगाबिट मात्र ८ ने नाही, १० ने भागायचे, कारण प्रत्येक ८ बिटमागे वायरवर १० बिट जातात, उत्तर १५० मेगाबाइट. ९६०० च्या साध्या सिरियल पोर्टलाही १० नेच भागा, तिथे प्रत्येक बाइटच्या आधी-नंतर स्टार्ट आणि स्टॉप बिट असतात.

आता दोन्ही जोडा. ३१ स्लॉटचा ई-वन म्हणजे सीडीचा साधारण १.६एक्स, आणि टी-वन अगदी नेमका १.२५एक्स. ७४ मिनिटांची भरलेली डेटा सीडी ६८,१९,८४,००० बाइटची असते, ती ई-वनवर जवळपास ४६ मिनिटं घेते आणि एकट्या ६४ किलोबिटच्या लाइनवर २३ तास ४१ मिनिटं. यात टीसीपी, आयपी आणि पीपीपी या नेटवर्कच्या नियमांची हेडर (प्रत्येक पॅकेटला जोडलेली जादा माहिती) धरली नाहीत, १५०० बाइटच्या पॅकेटला त्यात साधारण ३ टक्के जातात, म्हणून ई-वनला ४७-४८ मिनिटं सांगा. विंडोज किलोबाइट १०२४ चा धरतं, त्यामुळे लाइन पूर्ण भरली तरी कॉपीच्या खिडकीत सेकंदाला २३५ किलोबाइटच्या आसपासच दिसेल, लगेच प्रोव्हायडरला फोन लावू नका.

ई-वनवर बहुतेक वेळा लाइनच अडते, ड्राइव्ह नाही. अपवाद फ्लॉपीचा, तिचे ४६,०८० बाइट म्हणजे ८००० वाले सहा स्लॉटसुद्धा भरत नाहीत, तेव्हा फ्लॉप्या आधी हार्ड डिस्कवर कॉपी करून घ्या आणि मग पाठवा.