पोफळीच्या विरीपासून जेवणाची ताटं

जेवणावळ उठली की उष्ट्या ताटांचा ढीग पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठाला जातो आणि पहिल्या मोठ्या पावसात तिथून खाडीत. थर्माकोलची ताटं राज्यात २०१८ पासून बंद आहेत, प्लॅस्टिकची ताटं-पेले देशभर १ जुलै २०२२ पासून. त्यांची जागा चंदेरी कागदी पत्रावळ्यांनी घेतली, पण ती चकाकी म्हणजे प्लॅस्टिकचाच पातळ थर. खालचा कागद कुजतो, थर उरतो. कोकणात श्रीवर्धन, मुरुड, गुहागरच्या वाड्यांत (बागांत) मात्र ताटाचा कच्चा माल झाडाखाली आपोआप पडतो. तो म्हणजे पोफळीची, अर्थात सुपारीच्या झाडाची, विरी: झावळीच्या बुडाचं, खोडाला वेढून असलेलं रुंद आवरण. एका पोफळीच्या वर्षाला पाच-सहा विऱ्या गळतात.

विरी पडल्या दिवशीच उचलावी. ओल्या जमिनीवर दोन रात्री राहिली की काळे ठिपके धरते, आणि ती बुरशी रेषांच्या आत शिरते. घासून जात नाही. कोळे रोगासाठी (सुपारीची फळं गळवणाऱ्या बुरशीसाठी) मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारलेल्या वाडीत जास्त जपावं. निळसर डाग असलेली विरी मोरचूद धरून असते, ती ताटाला अजिबात घेऊ नये. चांगली विरी झावळीपासून कापून, उन्हात कडक वाळवून, पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी रचावी.

दाबण्याआधी विरी स्वच्छ पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवावी, काथ्याने दोन्ही बाजूंनी घासावी आणि उभी करून निथळू द्यावी. सगळं कसब या निथळण्यात आहे. कडा हाताने वाकवून पाहा: कट्‌ आवाज आला तर अजून कोरडी आहे, साच्यात काठाला चिरेल. दाबल्यावर बोटाला पाणी लागलं तर फार ओली. आत वाफ कोंडते, फोड येतात आणि थंड झाल्यावर ताट वेडंवाकडं होतं. न मोडता वाकली आणि बोट कोरडं राहिलं, की घ्यावी.

हीटरवाल्या प्रेसचा साचा १०० अंशांच्या आसपास तापवावा. विरीची आतली गुळगुळीत बाजू वर ठेवून अर्धा ते एक मिनिट दाब द्यावा. ताट तपकिरी पडून करपट वास आला तर उष्णता कमी करा, दाबाचा वेळ कमी करू नका. डिंक किंवा रसायन काहीच लागत नाही. रुंद विरीत बारा इंची ताट बसतं, उरलेल्या भागात वाटी.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये या ताटांवर आक्षेप घेतला, कारण सुपारीतली अरेकोलीनसारखी द्रव्यं अन्नात उतरू शकतात. तेव्हा वर केळीचं पान अंथरावं; कढत आमटी आणि सोलकढी स्टीलच्या वाटीत द्यावी. लहान मुलांना तर नुसत्या केळीच्या पानावरच वाढावं.

गणपतीची ताटं मे महिन्यातच करून ठेवावीत. दाबल्यावर पुन्हा एक कडक ऊन द्यावं आणि गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावीत. गरम भरली तर आत घाम सुटतो आणि श्रावणात डबा उघडेपर्यंत सगळ्यांना बुरशी आलेली असते.

जेवण झाल्यावर ताटांचे तुकडे करून माडाच्या आळ्यात टाकावेत आणि वर चार बोटं माती ओढावी. उघडी ठेवली तर कुत्री रात्रीतून वाडीभर नेतात.