वाइड अँगल लेन्सने सिद्धेश्वर तलाव टिपताना

सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकाठी उभे राहिले की मंदिर, पाणी आणि भुईकोट किल्ल्याची तटबंदी एकाच चौकटीत घेण्याचा मोह होतो. वाइड अँगल लेन्स तो पुरवतेही. पण घरी येऊन पाहावे तर मंदिर इवलेसे दिसते, वर नुसते आकाश आणि खाली नुसते पाणी. ही लेन्स जितके अधिक सामावून घेते, तितके दूरचे लहान करते. म्हणून दृश्यात काय काय मावते, यापेक्षा आपल्या पुढ्यात काय आहे, हे आधी ठरवावे. तटाचा झिजलेला दगड दोन पावलांवर ठेवून, कॅमेरा गुडघ्याइतका खाली आणला, की दगडाचे खाचखळगे ठळक येतात आणि नजर तेथून पाण्यावरून मंदिराकडे जाते.

लेन्सवरचा मिमीचा आकडा, म्हणजे फोकल लेंग्थ, जितका लहान तितके दृश्य रुंद. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २४ मिमीची लेन्स कर्णरेषेत सुमारे ८४ अंशांचे दृश्य घेते, तर १६ मिमीची १०७ अंशांचे. लहान, एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १६ मिमीची लेन्स साधारण २४ मिमीसारखी वागते. नवशिक्याने अशा कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमीची किट लेन्स १८ वर ठेवून सुरुवात करावी; महागडी लेन्स लगेच घेण्याचे काही कारण नाही.

फुल फ्रेमवर २४ मिमी आणि एफ/८ (अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या प्रकाशाच्या छिद्राचा आकडा) असताना सुमारे अडीच मीटरवर फोकस केल्यास साधारण सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. दगड त्याहून जवळ असेल, तर अ‍ॅपर्चर आणखी लहान करावे, म्हणजे एफचा आकडा वाढवावा.

खरी कसोटी जानेवारीतल्या गड्डा यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत लागते. मिरवणुकीतले सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या काठ्या, उंच असल्यामुळे हात आपोआप कॅमेरा वर रोखतो आणि काठ्या वरच्या बाजूला एकमेकींकडे कललेल्या दिसतात. कॅमेरा आडव्या पातळीत धरावा, शक्य तर उंच जागा गाठावी. उरलेला कल नंतर संगणकावर काढता येतो, पण त्यात कडा कापल्या जातात, म्हणून भोवती थोडी मोकळी जागा सोडावी. पांढऱ्या बाराबंदीतल्या (बंदांनी बांधायच्या पारंपरिक अंगरख्यातल्या) भक्तांचे चेहरे चौकटीच्या कडेला ताणले जातात, तेव्हा माणसे मध्याजवळच ठेवलेली बरी.

पोलरायझर, म्हणजे आकाश गडद करणारा फिल्टर, मात्र या लेन्सवर शक्यतो लावू नये: सूर्यापासून काटकोनातले आकाशच सर्वाधिक गडद होत असल्यामुळे एवढ्या रुंद चौकटीत निळ्याचा एक डागाळ पट्टा उमटतो.