पॉवर बँक घ्यायचीय? आधी ती भरणार कुठे ते सांगा

लोणंदला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, दहा बाय बाराचं. वर्षभर फुटलेले डिस्प्ले आणि चार्जिंगच्या पिनेत माती गेलेले कांदा व्यापाऱ्यांचे फोन. पण माउलींची पालखी नीरा ओलांडून गावात मुक्कामाला आली, की दुकानात फक्त चार्जिंग. भिंतीला बोर्ड लावतो, प्रत्येक फोनवर चिठ्ठी चिकटवतो, चिठ्ठीवर दिंडीचा नंबर आणि ‘रथापुढे’ की ‘रथामागे’. पैसे घेत नाही. वडील वारकऱ्यांना पाणी द्यायचे, मी वीज देतो, एवढाच काय तो फरक.

अलीकडे फोनांच्या जोडीला पॉवर बँका येऊ लागल्यात, आणि त्यातल्या बऱ्याच हातात घेतल्या की वाईट वाटतं. माणसानं घासाघीस करून, चार दुकानं फिरून घेतलेली असते, पण विचारायचं ते विचारलेलं नसतं. सगळे एकच विचारतात, ‘किती एमएएचची आहे?’, म्हणजे आत वीज किती मावते. मी उलट विचारतो, ‘ही भरणार कुठे, आणि किती वेळात?’

वारीतलंच घ्या. संध्याकाळी तंबू पडतात, दिंडीच्या ट्रकवरचा जनरेटर तीन-चार तास चालतो, एका बोर्डाला पंचवीस वायरी लोंबत असतात. अशा वेळी २०,००० एमएएचची बँक आणि तिचं इनपुट जुन्या पद्धतीचं, ५ व्होल्ट २ अँपिअर, म्हणजे १० वॉट. तिच्या पोटात ७४ वॉट-अवर मावतात, म्हणजे एक वॉटनं ७४ तास पुरेल एवढी वीज. वाटेतली गळती धरली तर पूर्ण भरायला नऊ-दहा तास. सकाळी माणूस निघतो तेव्हा बँक अर्धीच, आणि त्याला वाटतं माल खराब निघाला. माल खराब नव्हता, नळ बारीक होता. त्याच जागी १०,००० ची, १८ वॉटनं भरणारी बँक तीन-साडेतीन तासांत टम्म होते. आमच्याकडे वाड्यावस्त्यांवर लाईट जाते-येते, तिथंही हेच. म्हणून मागच्या बाजूची ‘इनपुट’ची ओळ वाचल्याशिवाय पैसे काढू नका. तिथं ‘९ व्होल्ट २ अँपिअर’ असं काही लिहिलेलं हवं. आणि चार्जरही तेवढ्या ताकदीचा हवा. ड्रॉवरमध्ये पडलेला दहा वर्षांपूर्वीचा ५ वॉटचा ठोकळा लावलात तर चांगली बँकही रात्रभर रडत बसेल.

मागची बाजू वाचायला लागलोच आहोत तर सगळीच वाचू. अक्षरं मुंगीएवढी असतात. फोननं फोटो काढा आणि मोठा करून बघा, मीही तेच करतो. पहिल्या ओळीत १०,००० एमएएच, ३.७ व्होल्ट, ३७ वॉट-अवर. हा आतल्या सेलचा हिशेब. फोनला मात्र बँक ५ व्होल्ट किंवा त्याच्या वरच देते. व्होल्टेज चढवलं की एमएएच उतरतात, वर थोडी ऊर्जा गरम होण्यात जाते. म्हणून खाली आणखी एक ओळ असते, ‘रेटेड कपॅसिटी’, म्हणजे प्रत्यक्षात बाहेर मिळणारे एमएएच. १०,००० च्या बँकेवर तिथं साधारण ६,००० च्या आसपासचा आकडा दिसतो. लोक म्हणतात फसवलं. फसवलं नाही, खरं बारीक अक्षरात लिहिलंय एवढंच. ही ओळच नसेल तर मात्र मी ती बँक परत ठेवतो.

व्यवहारात काय मिळतं? ३७ वॉट-अवरमधले बाहेर येतात तीसेक. ५,००० एमएएचच्या फोनची बॅटरी १९ वॉट-अवरची. म्हणजे फोन दीड वेळा भरतो. दोन वेळा नाही, ‘दोन दिवस चालेल’ असं सांगणारा दुकानदार तुम्ही फोन किती बघता ते धरत नाही. टॅबची बॅटरी ७,००० ते १०,००० एमएएचची असते. तिथं १०,००० ची बँक एकदा पुरली तर पुरली.

आता वजनाची गोष्ट. शेजारी किराणा दुकान आहे, त्यांचा इलेक्ट्रॉनिक काटा मी अर्धा आपलाच मानतो. पॉवर बँकेत बरेचदा गोल सेल असतात, १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. असा एक सेल ४५ ते ४८ ग्रॅमचा, आणि चांगल्यातला चांगला ३,५०० एमएएचच्या आसपास. म्हणजे १०,००० ला तीन-चार सेल आलेच. वर खोकं, सर्किट. धड बँक १८० ते २३० ग्रॅम भरते, २०,००० ची साडेतीनशे ते साडेचारशे. चपट्या पाकिटासारखे सेल असले तरी फार फरक पडत नाही. तेव्हा २०,००० लिहिलेली वस्तू काट्यावर १६० ग्रॅम दाखवत असेल तर उरलेले एमएएच स्टिकरच्या शाईत आहेत असं समजा.

ही युक्ती मी वर्षभर सगळ्यांना सांगत होतो, आणि मग एका पोरानं माझं नाक कापलं. जत्रेतून साडेतीनशे रुपयांना घेतलेली २०,००० ची बँक घेऊन आला. काट्यावर ३४० ग्रॅम. मी म्हटलं, चांगली दिसतेय. दोन दिवसांनी परत आला, फोन अर्धाच भरतो म्हणून. माझ्याकडे करंगळीएवढा यूएसबी मीटर आहे, चारेकशे रुपयांचा. बँक आणि फोन यांच्या मध्ये लावला की किती व्होल्ट, किती अँपिअर आणि एकूण किती वॉट-अवर गेले ते दाखवतो. पूर्ण भरलेली बँक रिकामी होईपर्यंत लावून ठेवली. साठच्या पुढं यायला हवं होतं, मीटर १२ वर थांबला. पोराच्या परवानगीनं खोकं उघडलं. आत दोन सेल, त्यांवरचं मूळ वेष्टन सोलून नवं चढवलेलं, आणि बाकी जागेत टेपनं चिकटवलेली वाळूची पुडी. नीट चाळलेली, बारीक. घराच्या प्लास्टरला चालली असती.

तेव्हापासून वजन ही पहिली चाळणी, शेवटची नाही. दुसरी चाळणी म्हणजे बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची खूण. भारतात विकायच्या पॉवर बँकेला ही नोंदणी सक्तीची आहे. खुणेजवळ ‘आर’ आणि पुढे आठ आकडी नंबर असतो. फोनवर ‘बीआयएस केअर’ ॲप घ्या, त्यात तो नंबर टाका. कंपनीचं नाव आणि कशासाठी नोंदणी आहे ते येतं. नंबर खरा आहे एवढ्यावर खूश होऊ नका. नकली मालावर दुसऱ्याचाच नंबर छापलेला असतो, आणि ॲपमध्ये भलत्याच कंपनीचा चार्जर निघतो. नाव जुळतं का ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे, दुकानातच उभं राहून करा. दुकानदार तोंड वाकडं करायला लागला तर तिथंच उत्तर मिळालं.

‘मोठ्या कंपनीच्या पण पेटतात की’ असं म्हणणारे भेटतात. खरं आहे. जून २०२५ मध्ये अँकरनं अमेरिकेत ‘पॉवरकोअर १००००’ या मॉडेलचे ११ लाखांहून जास्त नग परत मागवले, आग लागण्याच्या धोक्यामुळे. पण त्यांनी मागवले, नंबर जाहीर केले, लोकांना कळलं. वाळूची पुडी भरणारा कुणाला फोन करून परत मागवणार आहे?

फास्ट चार्जिंगबद्दल थोडक्यात, कारण इथं आकड्यांचा नुसता बाजार आहे. तुमच्या फोनबरोबर ८० वॉटचा चार्जर आला असेल तर तो वेग त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीचा असतो. बाहेरच्या बँकेवर तोच फोन बहुधा १०-१८ वॉटनं भरेल. बँकेवरचा २२.५ वॉट हा आकडाही ठरावीक फोनांनाच मिळतो. तेव्हा टाइप-सी पोर्ट, त्यातूनच भरणं आणि त्यातूनच देणं, आणि ‘पीडी’ (पॉवर डिलिव्हरी, बऱ्याच कंपन्यांच्या फोनांना चालणारी फास्ट चार्जिंगची पद्धत) ही दोन अक्षरं, इतकं बघा. आयफोनला पीडी २० वॉट पुष्कळ झालं. सॅमसंगचा फोन २५ वॉटनं भरायचा असेल तर ‘पीपीएस’ (पीडीचाच पुढचा प्रकार) लिहिलेलं शोधा. भरायला अजून जुनं मायक्रो-यूएसबी असलेली बँक स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, ते पोर्ट सहा महिन्यांत ढिलं होऊन माझ्याकडेच येतं.

टॅबवाल्यांनी मात्र इथं जरा थांबा. डोंगराकडच्या एका वाडीवरचे गुरुजी टॅब घेऊन आले होते. पोरांना व्हिडीओ दाखवताना बँक लावली तरी टक्के उतरतात म्हणाले. बँक बरी होती. पण ते जुन्या चौकोनी पोर्टातून, दोन मीटरच्या बारीक वायरीनं देत होते. मीटर लावला तर टॅबच्या टोकाला ४.६ व्होल्ट, पाऊण अँपिअर. म्हणजे साडेतीन वॉट, आणि चालू स्क्रीन त्याहून जास्त खात होती. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. फूटभराची जाड टाइप-सी वायर काढली, बँकेच्या पीडी पोर्टात लावली, आकडा थेट १६ वॉटवर गेला. गुरुजी नवी बँक घ्यायला आले होते, दीडशेची वायर घेऊन गेले. टॅबसाठी नवीन घेत असाल तर २०,००० आणि निदान २० वॉट पीडी, त्याहून कमी नको.

फोनच असेल तर माझं मत थोडं वेगळं आहे. एका २०,००० च्या धोंड्यापेक्षा १०,००० च्या दोन घ्या. दोन सॉकेटवर एकदम भरता येतात, एक पिशवीत एक बायकोकडे, आणि एक बिघडली तरी वाट अडत नाही. दोन्हींचे पैसे मिळून थोडे जास्त जातात, जाऊ द्या. मात्र किती भरलीय ते दिसावं म्हणून दिव्याच्या चार ठिपक्यांऐवजी टक्के दाखवणारी मिळाली तर ती घ्या. एक ठिपका म्हणजे २५ टक्के की ३, हे कळायला ज्योतिषी लागतो.

सोलर पॉवर बँक: नको. पाठीवरची ती काळी पट्टी एक-दीड वॉटची. ३७ वॉट-अवर भरायला कडक उन्हात पंचवीस ते सदतीस तास, आणि वारी आषाढात असते. शिवाय सेल उन्हात तापवणं हेच मुळात चुकीचं. वायरलेसवाली सोयीची आहे, पण ऊर्जा जास्त वाया जाते आणि फोन गरम होतो. शहरात ऑफिसला जाणाऱ्यानं घ्यावी, दिवे घाट चढणाऱ्यानं नको.

विमानानं जाणार असाल तर १०० वॉट-अवर हा आकडा लक्षात ठेवा. त्याच्या आत असेल तर हातातल्या बॅगेत चालते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी, आणि सामानात टाकायच्या बॅगेत कधीच नाही. गल्लीतला एक मुलगा दुबईला निघाला होता, ३०,००० ची घेऊन. तीन दशांश सात गुणिले तीस, १११ होतात. विमानतळावर बापाच्या हातात देऊन गेला. एमिरेट्सनं तर १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरायलाच मनाई केलीय, १०० च्या आतली एक जवळ बाळगा, बस्स. २०,००० ची ७४ भरते, त्यामुळे तिची काळजी नाही.

घेतल्यावरचं थोडं. पावसात बँक प्लास्टिकच्या पिशवीत घालता ते ठीक, पण पिशवीत गुंडाळलेली असताना फोन लावू नका, उष्णता आत कोंडते. उशीखाली तर मुळीच नाही. एप्रिलमध्ये गाडीच्या काचेखाली ठेवली तर तिचं आयुष्य तिथंच संपतं. वापर नसेल तेव्हा अर्धी भरून कपाटात ठेवा, दोन-तीन महिन्यांनी बघत जा. आणि पोट फुगलेलं दिसलं तर त्या क्षणी वापर बंद. दाबून बसवायची नाही, टाचणी टोचायची नाही, कचऱ्याच्या गाडीत टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. माझ्याकडे अशांसाठी अंगणात, भिंतीपासून लांब, वाळूनं भरलेला पत्र्याचा डबा आहे. त्यातली थोडी वाळू कुठून आली ते वर सांगितलंच.

गेल्या वारीत एक आजी आल्या. नातवानं दिलेली भलीमोठी बँक पुढं करून म्हणाल्या, ‘माउली, एवढी डबी भरून द्या, ओझं लई झालंय.’ फोन कुठला, विचारलं तर कमरेच्या पिशवीतून बटणाचा निघाला, हजार एमएएचचा. एकदा भरला की चार दिवस बघायला नको. मी म्हटलं, आजी, ही डबी तुमच्या दिंडीच्या ट्रकात ठेवा, तिची तुम्हाला गरज नाही. त्यांच्या फोनला बसणारी दीडशे रुपयांची दुसरी बॅटरी भरून, कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कनवटीला लावली आणि तरडगावच्या वाटेला लागल्या.

तुम्हाला काही दाखवायचं, विचारायचं असेल तर ज्येष्ठात या. मुक्कामाच्या दिवशी मला चहा प्यायलाही वेळ नसतो.