ऑफिसच्या फ्रिजमधून डबा गायब व्हायचा, तो असा थांबला

बेळगावात उद्यमबागेतल्या आमच्या ऑफिसात एकच फ्रिज. त्यातून आधी दही जायचं, मग भाजी, मग डबाच रिकामा. मला शुगर आहे, जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं. इंजेक्शन घेतल्यावर डब्यात काहीच नसेल तर साखर उतरते, हात कापतात, दरदरून घाम फुटतो. हे चेष्टेवारी नेण्यासारखं नव्हतं.

कुणीतरी सुचवलं, भाजीत जुलाबाचं औषध घाल. असलं अजिबात करू नका. कुणाच्या जिवावर बेतलं तर गुन्हा तुमच्यावरच येतो.

मी चहाच्या वेळी, कुणाचं नाव न घेता, सगळ्यांना इन्सुलिनचं सांगितलं. बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. डब्यावर नाव मराठी-कन्नड दोन्हींत लिहिलं. साहेबांना सांगून फ्रिजचा खालचा कप्पा सामायिक करून घेतला; तिथलं कुणीही खावं. खानापूरहून पहाटेची गाडी धरणाऱ्या पोरांना डबा आणणं जमत नाही, हे तेव्हा कळलं. आता त्या कप्प्यात भाकरी, शेंगाची चटणी असतेच, आणि माझा डबा जागेवर राहतो. तरीही आधी डबा उघडून बघतो, मगच इंजेक्शन घेतो. ड्रॉवरमध्ये ग्लुकोजची पुडी कायम असते.