मुंबईच्या गल्ली रॅपचा जोर ओसरलाय का, हे कसं ओळखायचं

सगळ्यात आधी व्ह्यूज बघणं सोडा. मुंबईच्या वस्त्यांतल्या पोरांच्या या रॅपचा मोठा चेहरा म्हणजे डिव्हाइन, त्याला आजही भरपूर व्ह्यूज येतात, त्यावरून काही कळत नाही. मुंबईचं वजन किती उरलंय ते बाहेरगावची नवीन पोरं कोणासारखं रॅप करतात यावरून कळतं, तेवढंच तपासायचं.

सुरुवात जुन्यापासून. २०१४ मधलं नेझीचं 'आफत' लावा, कुर्ल्याच्या या पोराने ते आयपॅडवर रेकॉर्ड केलेलं आणि व्हिडिओपण त्यावरच, मग २०१५ चं डिव्हाइन-नेझीचं 'मेरे गली में'. कान ठेवायचा तो बंबईया हिंदीवर, गल्लीच्या अभिमानावर आणि 'आम्ही खालून वर आलो' या सुरावर. हे तीन मुद्दे कागदावर लिहा, पुढे सगळीकडे हेच शोधायचेत.

आता दिल्ली. तिथल्या प्रभ दीपचा पहिला अल्बम २०१७ चा, म्हणजे डिव्हाइन-नेझीवरून सुचलेल्या 'गली बॉय' पिक्चरच्या दोन वर्षं आधीचा, तो आणि मग सीधे मौत ही तिथलीच जोडी ऐका. तुमच्या कागदावरचं किती सापडतं बघा. बोली दिल्लीची, शब्दांची गुंतागुंत जास्त, एकदा ऐकून अर्ध डोक्यावरून जातं. त्यामुळे 'पिक्चरने सीन खाल्ला', म्हणजे 'गली बॉय'मुळे गल्ली रॅप संपला, असं कोणी म्हणालं की लगेच मान डोलवू नका, दुसरा रस्ता आधीच फुटला होता. पिक्चरने काय केलं तर २०१९ नंतर तो गल्लीवाला सूर एवढा वापरला गेला की नवीन पोराला तो घ्यायचीच लाज वाटायला लागली. हे माझं मत हां.

मग पुण्याचा एमसी स्टॅन, ऑटोट्यूनने बदललेला आवाज आणि ट्रॅपचे जड बीट, मुंबईला न विचारता थेट २०२३ मध्ये बिग बॉस जिंकला. २०२४ ला हनुमानकाइंड इंग्रजीत रॅप करून जगभर पोचला, गल्लीचा तिथे संबंधच नाही.

शेवटी इन्स्टावर नागपूर, नाशिक, कोल्हापूरचे आठ-दहा नवखे रॅपर काढा आणि प्रत्येकापुढे लिहा, बीट कोणासारखी, शिव्या कुठल्या, मुंबईवाल्यांचं 'बंटाय' (म्हणजे भाऊ, दोस्त) येतं का. मुंबईच्या खुणा दोघा-तिघांतच दिसल्या तर जोर ओसरलाय समजा.

फक्त जोर कमी म्हणजे गाणी वाईट असं धरू नका. मुंबईच्या स्वदेसी ग्रुपने आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईरांना घेऊन आरेचं जंगल आणि वारली लोकांवर केलेलं गाणं २०१९ चंच आहे, धारावीतली पोरंही अजून लिहितायत. आणि मुंबई भारी की दिल्ली भारी वाल्या कमेंटमध्ये घुसू नका, रात्र जाईल.