पायथनमध्ये अट लिहिताना ‘ऑर’ इथे फसवतो

पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं शेल, म्हणजे एक ओळ लिहिली की लगेच उत्तर देणारी खिडकी, उघडा. ७ > ३ लिहिलं की ट्रू (खरं), ७ == ३ लिहिलं की फॉल्स (खोटं). एक बरोबर-चिन्ह किंमत ठेवतं, दोन चिन्हं विचारतात. पहिली पायरी झाली.

दुसरीही सोपीच: अटी जोडणारे आणि उलटवणारे शब्द. अँडला दोन्ही बाजू खऱ्या लागतात, ऑरला एक पुरते, नॉट उत्तर उलटवतो. खऱ्या-खोट्याचे तक्ते पाठ करत बसू नका.

तिसऱ्या पायरीवर मात्र थांबा. ‘पायथन म्हणजे साधं इंग्रजीच, बोलतो तसं लिहायचं’ हा सल्ला मला मिळाला होता आणि त्यापायी माझी अख्खी संध्याकाळ गेली. गाव पुणे किंवा नाशिक असेल तरच नाव यादीत घ्यायचं होतं. मी लिहिलं: इफ गाव == "पुणे" ऑर "नाशिक". लातूर टाकलं, तेही यादीत. सोलापूर, तेही!

शेवटी गाव = "लातूर" ठेवून ती अट नुसती शेलमध्ये चालवली. ट्रू नाही, फॉल्स नाही. समोर छापून आलं 'नाशिक'. तेव्हा उलगडलं. ऑर डावी बाजू बघतो: लातूर म्हणजे पुणे नव्हे, खोटं. मग उजवी बाजू जशीच्या तशी परत देतो. तिथे प्रश्नच नाही, नुसता शब्द आहे. आणि रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग, म्हणजे अवतरणातला मजकूर, पायथन खरी धरतो. एररही येत नाही, म्हणून ही चूक फार वाईट.

दोन्ही बाजूंना पूर्ण प्रश्न लिहा: गाव == "पुणे" ऑर गाव == "नाशिक". गावं वाढली तर ‘यादीत आहे का’ विचारणारा इन वापरा: गाव इन ["पुणे", "नाशिक", "सातारा"]. मी तर दोन गावांनाही इनच वापरतो.

नकारात हाच घोळ पुन्हा होतो. ‘पुणे किंवा नाशिक नसेल तर’ असं आपण सहज म्हणतो, पण गाव != "पुणे" ऑर गाव != "नाशिक" ही अट कायम खरी, कारण एक गाव एकाच वेळी दोन्ही असूच शकत नाही. इथे अँडच हवा. किंवा सरळ नॉट इन.

आधी नॉट, मग अँड, शेवटी ऑर असा क्रम असतो. तो लक्षात असला तरी कंस घालाच.

अट तीन किमतींवर तपासा: बसणारी, न बसणारी, रिकामी. आणि इनपुटमधून आलेलं "0" ही स्ट्रिंग असते, म्हणजे खरी. शून्य म्हणून हवं असेल तर आधी इंट, म्हणजे पूर्णांक, करून घ्या.