जिल्ह्याचा बाजार कसा आहे, हे दुकानदाराला कसं विचारायचं

"धंदा कसा आहे?" असं विचारू नका. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात त्याचं उत्तर ठरलेलं आहे: "मंदी आहे." माझं शेतीच्या पाण्याच्या मोटारी-पाइपांचं दुकान आहे. मी विचारतो, "मागच्या दिवाळीची उधारी किती वसूल झाली?" इथं माणूस खरं बोलतो.

वेळ बघून जा. लासलगावला कांद्याचा लिलाव चालू असताना कुणाला फुरसत नसते. दुपारी जा, चहा घ्या, वही उघडेपर्यंत थांबा. माझ्या वहीत 2023 च्या डिसेंबरचं पान आहे. 8 तारखेला कांद्याची निर्यातबंदी आली आणि ठरलेल्या दोन मोटारी दुकानातच राहिल्या. नावापुढं पेनानं लिहिलंय, "कांदा गेला की नेतो." बंदी 4 मे 2024 ला उठली, पण 40 टक्के निर्यात शुल्क लावून. ते पुढं निम्मं झालं, पूर्ण जायला 1 एप्रिल 2025 उजाडला. एवढा काळ गिऱ्हाईक तोंड चुकवत होतं, त्याचा दोष नव्हता.

नुसत्या व्यापाऱ्यांवर थांबू नका. मोटार वाइंडिंगवाल्याकडे जाच. लोक नवी घेण्याऐवजी जळालेली मोटार पुन्हा भरून घेत असतील, तर हात आखडलेत. सराफाला विचारा, खरेदी जास्त की मोड, म्हणजे जुनं सोनं विकणं? कापडवाल्याला बस्त्याचं विचारा.

उत्तरापुढं महिना लिहा. उन्हाळ कांदा निघतानाचं बोलणं आणि तो साठवणीच्या कांदाचाळीत पडून असतानाचं बोलणं एकत्र करू नका. दुकानदाराचं नाव मात्र लिहू नका. उधारीची गोष्ट गावभर झाली तर तो पुन्हा वही उघडणार नाही.